दिवंगत शिक्षिका-भगिनींचे स्मरण

दिवंगतांविषयी लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव भाषा होऊन बसली आहे. कोणी भगिनी प्रभूत विसावली, की ती 'त्यागमूर्ती' होते, तिचे जीवन 'चंदनासारखे झिजते' व तिची स्मृती 'सदैव दरवळत राहते'. अशा प्रकारचे अनेक लेख आम्ही वाचले आहेत. त्यांतील नाव व साल बदलले, तर एकीवरचा लेख दुसरीस सहज लावता येईल. लिहिणाऱ्यांच्या भक्तिभावास उणेपणा देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु चंदन झिजते ते दुसरे कोणी उगाळते म्हणून. ह्या स्त्रिया तर आपण होऊन कामास लागल्या होत्या. शिवाय जिने चाळीस वर्षे वर्गात उभे राहून अपूर्णांक शिकविले, तिच्या मृत्युलेखात अपूर्णांकांचा साधा उल्लेखही नसावा, हे शिक्षक ह्या नात्याने आम्हांस खटकते.

ह्या वर्षीच्या अंकासाठी दिवंगत भगिनींवर लिहावे, अशी संपादकांनी आम्हांस सूचना केली. वस्तुतः आम्ही कॅथॉलिक नव्हे. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरात जपमाळ नव्हती, 'उपासना संगीत' होते, व रविवारी संध्याकाळी पेटीवर गायन होत असे. तथापि आमच्या पहिल्या चार इयत्ता भगिनींच्या शाळेत झाल्या. तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावी ओढ्याच्या अलीकडे तीच एक शाळा होती, आणि पावसाळ्यात लहान मुलाने ओढा ओलांडून पलीकडे जावे हे आमच्या मातोश्रींस पसंत नव्हते. पंथभेदांचे निराकरण पुष्कळ वेळा धर्मपंडितांपेक्षा अशा ओढ्यांनीच केलेले आहे.

तेथे ज्या भगिनींनी आम्हांस तिसरीत व चौथीत शिकविले, त्या गोड स्वभावाच्या होत्या असे म्हणवत नाही. रोज सकाळी हात उलटे करवून नखे पाहत, आणि ज्याची वाढलेली असतील त्यास वर्गाबाहेर, नळापाशी, कात्री घेऊन बसवीत. खडूचा तुकडा बोटांत धरवेनासा झाला म्हणजे तो बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात जाई. शनिवारी तो डबा उघडे, व ज्याची सर्व उदाहरणे बरोबर आली असतील त्यास हवा तो तुकडा निवडता येई. निळ्या तुकड्यासाठी आम्ही जेवढा अभ्यास केला, तेवढा पुढे पदवीसाठीही केला नसेल.

त्यांची अपूर्णांक शिकविण्याची पद्धत आम्ही आजही वापरतो. अंशाचे व छेदाचे नाव त्या पहिले पंधरा दिवस काढीत नसत. बाजारातून पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा किलो काय काय आणले, हे प्रत्येकास विचारीत. डब्यातील भाकरी मोडून तिचा अर्धा, मग चतकोर, मग चतकोराचाही निम्मा करीत, व ते तुकडे फळ्याखालच्या बाकावर मांडून ठेवीत. त्यांचे म्हणणे असे, की ज्या मुलास पाऊण म्हणजे काय हे कळते, त्यास तीन-चतुर्थांश कळलेलेच असते. ते त्याला कळले आहे, एवढेच शिक्षकाने त्यास सांगावयाचे असते. शिक्षणशास्त्राच्या पदवीकरिता आम्ही जे ग्रंथ वाचले, त्यांत हेच तत्त्व बऱ्याच अधिक पृष्ठांत सांगितलेले होते.

दिवाळी झाली, की साखर कारखान्याचा हंगाम सुरू होई व बीडकडून ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या येत. ओढ्याच्या काठाने त्यांच्या कोप्या पडत. त्यांची मुले पाच-सहा महिने येथे, उरलेले महिने गावाकडे; तेव्हा कोणत्याच शाळेच्या पटावर ती नीटपणे नसत. आमच्या ह्या बाईंनी त्यांस शाळेच्या ओसरीवर आणून बसविण्यास सुरुवात केली. आमच्या वर्गातील एकेका मुलास ओसरीवरील एकेक मूल नेमून दिलेले असे, आणि मधल्या सुट्टीच्या आधीचा अर्धा तास त्यास अक्षरे शिकविणे हे आमचे काम असे. आमच्या वाट्यास आलेला मुलगा आमच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्यास 'ळ' काढता येईना, आणि बैलाच्या नाकात वेसण कशी घालतात हे आम्हांस ठाऊक नव्हते. उभयपक्षी शिक्षण चालू होते. एकदा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ओसरीकडे बोट करून विचारले, "ही मुले पटावर दिसत नाहीत." बाई म्हणाल्या, "साहेब, पटावर नाहीत, पण पाटीवर आहेत." अधिकाऱ्यांनी शेऱ्यात काय लिहिले ते आम्हांस ठाऊक नाही, ओसरी मात्र चालू राहिली.

इ. स. २००९ च्या पावसाळ्यात त्या वारल्या. दफनविधीस आम्ही गेलो होतो. वसईकडून त्यांचे दोघे भाऊ रात्रीच्या एस. टी. ने आले होते, व धोतराचा सोगा वर धरून चिखलातून चालत होते. शवपेटी खाली सोडताना त्यांतील थोरल्या भावाने एकदम एका नावाने हाक मारली. ते नाव आम्ही कधी ऐकलेले नव्हते. क्षणभर आम्हांस वाटले, की ते घरच्या दुसऱ्या कोणास हाक मारीत आहेत. मागाहून उमगले, की ते बाईंचे माहेरचे नाव होते. पूर्वी भगिनी व्रत घेताना नवे नाव धारण करीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, कित्येक संघांत मूळ नाव परत घेण्याची मोकळीक मिळाली, परंतु वयस्क भगिनींपैकी पुष्कळजणींनी ती घेतली नाही. बाईंच्या क्रुसावर व्रताचे नाव आहे व त्याखाली तीन सालें आहेत: जन्माचे, व्रताचे व मृत्यूचे. वसईच्या वाडीतली मुलगी व ओसरीवरची बाई ह्या दोघींना त्या क्रुसावर जागा नाही. ते माहेरचे नाव आम्ही येथे छापीत नाही. ते त्यांच्या घरचे आहे.

अशा तीन सालांमागे काय काय असू शकते, हे जाणून घेण्याची इच्छा तेव्हापासून आमच्या मनात होती. आमच्या बाईंवर कोणी ग्रंथ लिहिलेला नाही. परंतु २०२३ च्या जून महिन्यात कलकत्त्यास सिस्टर सिरिल मूनी ह्या लोरेटो संघाच्या भगिनी वयाच्या ८६ व्या वर्षी निधन पावल्याचे वृत्त आले. त्यात त्यांच्या शाळेतील मुली रस्त्यावरील मुलांस शिकवीत, हे वाक्य वाचून आम्हांस आमची ओसरी आठवली. मग त्या संघाची हकीकत जमेल तशी वाचून काढली. ती लांबची आहे, तरी येथे थोडी सांगणे अवश्य आहे.

ह्या संघाचे मूळ मेरी वॉर्ड नामक एका इंग्रज स्त्रीकडे जाते. तिचा जन्म १५८५ चा, यॉर्कशायरमधील. त्या काळी मठवासिनींनी भिंतीच्या आत राहावे, बाहेर पडू नये, असा निर्बंध होता. मेरीचे म्हणणे असे, की मुलींस शिकवावयाचे तर भिंतीच्या आत कोंडून घेऊन चालणार नाही. आणि जेसुइट पुरुष ज्या मोकळेपणाने हिंडून काम करतात, तो स्त्रियांसही असावा. तिने युरोपातील अनेक शहरी शाळा काढल्या. हे धर्माधिकाऱ्यांस रुचले नाही. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन ह्यांनी तिचा संघ मोडीत काढला व खुद्द तिला पाखंडी व बंडखोर ठरवून म्यूनिक येथील एका मठात कैदेत ठेवण्यात आले. त्या कैदेतून तिने आपल्या मैत्रिणींस लिंबाच्या रसाने पत्रे लिहिली. कागद विस्तवावर शेकला, की अक्षरे उमटत. ती पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. पुढे तिची सुटका झाली, परंतु मोडलेला संघ उभा राहिलेला तिला पाहता आला नाही. १६४५ मध्ये, इंग्लंडात यादवी चालू असताना, यॉर्कजवळ ती वारली. तिच्या थडग्याचा दगड ऑझ्बल्डविक येथील चर्चमध्ये आहे. गरिबांवर प्रीती करावी, त्यांच्याबरोबर जगावे, मरावे व उठावे, एवढाच तिचा हेतू होता, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे; संघाचा किंवा शाळांचा एक शब्दही नाही. तसे कोरणे तेव्हा धोक्याचे होते. पुढे संघाच्या नियमावलीस मान्यता मिळाली, तरी १७४९ पासून तिला 'संस्थापिका' म्हणण्यास मनाई होती. ती १९०९ साली उठली. तोपर्यंत ह्या स्त्रिया जिच्या मार्गाने चालत होत्या तिचे नाव त्यांस उघडपणे घेता येत नव्हते.

यॉर्कमध्ये ह्या परंपरेचे बार कॉन्व्हेंट मात्र टिकून राहिले होते. डब्लिनची तेरेसा बॉल तेथे शिकली, तेथेच तिने दीक्षा घेतली, व आयर्लंडात परत जाऊन रॅथफार्नम येथे १८२२ मध्ये लोरेटो शाखा उभी केली. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तिने मदर डेल्फिन हार्ट ह्यांच्या नेतृत्वाखाली बाराजणींची एक तुकडी हिंदुस्थानास पाठविली. सुएझचा कालवा १८६९ चा. तेव्हा आफ्रिकेस वळसा घालून चार महिन्यांच्या शिडाच्या प्रवासानंतर त्या ३० डिसेंबर १८४१ रोजी कलकत्त्यास उतरल्या, आणि नवे वर्ष उजाडताच मिडल्टन रोवर त्यांची शाळा सुरू झाली. त्याच १८४२ साली जीझस अँड मेरी संघाच्या फ्रेंच भगिनी आग्र्यास पोहोचल्या; पुण्यातील त्यांची शाळा १८६० ची. आमच्या नगरकरांस येथे मिस सिंथिया फॅरार आठवतील. त्या १८२७ मध्ये मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या व १८६२ मध्ये तेथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या. त्या कॅथॉलिक नव्हत्या व व्रतस्थ भगिनीही नव्हत्या. परंतु तेवढ्याने त्यांस ह्या पंक्तीतून उठवावे असे आम्हांस वाटत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. ह्या थोर शाळांस आरंभापासून दोन दारे होती. पुढल्या दाराने फी देणाऱ्यांची मुले येत, त्यांत युरोपियन व अँग्लो-इंडियन पुष्कळ. मागल्या दाराने अनाथ व गरीब. भगिनी दोन्हीकडे तितक्याच कष्टाने शिकवीत, आणि पुढल्या दाराच्या पैशावर मागचे दार उघडे राही, हेही खरे. पण दोन दारे ती दोनच. ज्या संघाच्या मूळ संस्थापिकेने भिंत नको म्हणून कैद पत्करली, त्याच्या आवारात पुन्हा भिंत उभी राहावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

कलकत्त्यातील एंटाली येथे लोरेटोच्या आवारात सेंट मेरीज् ही बंगाली शाळा होती. तेथे १९३१ पासून एक आल्बेनियन वंशाची भगिनी भूगोल व इतिहास शिकवीत असे. त्याच नावाची आणखी एक भगिनी असल्याने हिला 'बंगाली तेरेसा' म्हणत. १९४४ मध्ये ती मुख्याध्यापिका झाली. आवाराच्या भिंतीपलीकडे मोतीझील नावाची झोपडपट्टी होती. १९४६ च्या ऑगस्टमधील दंग्यात शाळेतील अन्न संपले, तेव्हा मुलींसाठी धान्य मिळविण्यास ती स्वतः रस्त्यावर गेली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, परवानगी घेऊन ती लोरेटोतून बाहेर पडली, व त्या डिसेंबरात मोतीझीलमध्ये काठीने जमिनीवर अक्षरे काढून मुलांस शिकवू लागली. मदर तेरेसांचा पुढील वृत्तान्त जगास ठाऊक आहे. आम्हांस मौज वाटते ती ही, की मरणोन्मुखांची सेवा करणारी म्हणून ख्यात झालेली ही स्त्री आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे शाळामास्तरीण होती, व तिच्या नव्या संघाचे पहिले काम शाळा हेच होते. ती वारली ५ सप्टेंबर १९९७ रोजी. त्या दिवशी आपल्या देशात शिक्षकदिन असतो.

तेरेसा भिंतीबाहेर गेली. सिस्टर सिरिल भिंतीच्या आतच राहिल्या, आणि आम्हां शिक्षकांस त्यांचे उदाहरण अधिक अडचणीत टाकणारे आहे. संघ सोडून झोपडपट्टीत जाणे थोड्यांसच शक्य असते; परंतु वेळापत्रक प्रत्येक शाळेत असते.

सिरिलबाईंचा जन्म आयर्लंडात १९३६ साली झाला. विशीच्या उंबरठ्यावर, १९५६ मध्ये, त्या हिंदुस्थानात आल्या. प्राणिशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. लखनौस बरीच वर्षे शिकविल्यावर १९७९ मध्ये कलकत्त्यातील लोरेटो सियालदह शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. सियालदह हे कलकत्त्याचे मोठे रेल्वे-स्थानक. फाळणीनंतर निर्वासितांच्या झुंडीच्या झुंडी ह्याच स्थानकात येऊन पडल्या होत्या, आणि त्यानंतरही फलाटावर वाढणारी मुले तेथे कधी कमी झाली नाहीत. शाळा त्यापासून जवळ. बाईंनी प्रथम शाळेतच गरीब मुलींची संख्या वाढविण्यास सुरुवात केली. कालांतराने सुमारे १४०० विद्यार्थिनींपैकी निम्म्या फी न देणाऱ्या होत्या. त्या वेगळ्या तुकडीत बसत नसत. एकाच बाकावर बसत.

मग १९८५ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या मुलांस शाळेचे फाटक उघडले, व ह्या उपक्रमास 'रेनबो' हे नाव दिले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. रस्त्यावरचे मूल दहा वाजता येईलच असे नाही. त्यास कागद वेचावयाचे असतात, धाकटे भावंड सांभाळावयाचे असते. म्हणून त्याने दिवसातून केव्हाही यावे. आल्यावर त्यास शिकविणार कोण? पाचवीपासून पुढच्या मुली. प्रत्येक वर्गास कार्यानुभवाचा तास असतोच. आपल्याकडे त्या तासास बहुधा मेणबत्त्या व कागदी फुले होतात. बाईंनी तो तास ह्या कामास दिला. एका मुलास एक मुलगी. वर्गामागून वर्ग ह्या तासास येत असल्याने मूल केव्हाही आले तरी त्यास शिकविणारी कोणी ना कोणी असे. मूल पुरेसे तयार झाले, की त्यास त्याच्या वयाच्या इयत्तेत घातले जाई. पुढे ज्या मुलींस रात्री निवारा नव्हता, त्या शाळेच्या इमारतीतच राहू लागल्या. दिवसा जेथे फी देणारीची वही उघडे, तेथेच रात्री फलाटावरची मुलगी निर्धास्त झोपे. ह्याखेरीज दर गुरुवारी मोठ्या मुली खेड्यांतील शाळांत शिकविण्यास जात, आणि ज्या तरुण-तरुणींस पदवी नाही त्यांस वस्तीवर शिकविण्यासाठी तयार करण्याचे वर्गही बाईंनी चालविले.

हे काम शाळा सुटल्यावर केलेला दानधर्म नव्हता. ते शाळेचेच काम होते, घंटेवर चालणारे. अशा वेळी पालकांच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो, हे कोणत्याही शिक्षकास सांगावयास नको: 'आमच्या मुलीचा अभ्यास बुडत नाही ना?' आमचा स्वतःचा अनुभव एवढाच आहे, की ज्या मुलास 'ळ' शिकवावा लागला, त्याच्यामुळे आम्हांस तो जन्मात कधी चुकला नाही. २००७ मध्ये भारत सरकारने सिस्टर सिरिल ह्यांस पद्मश्री दिली. २०११ पर्यंत त्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणजे बत्तीस वर्षे.

२००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातील चतुर्थांश जागा दुर्बल घटकांतील मुलांस द्याव्या, असे त्यात आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. संस्थेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निकाल महत्त्वाचा असेल. त्यावर आमच्या शिक्षक-खोलीत पुष्कळ वादविवाद झाला आहे व आम्ही त्यात उभय बाजूंनी बोललो आहो. पण कायद्याने जो चौथा हिस्सा आम्हांवर घातला नाही, त्याच्या दुप्पट हिस्सा एका बाईने कायदा नसताना आपल्या शाळेवर घालून घेतला, हे ध्यानात आले, की आमच्या बाजूचे सर्व मुद्दे जरा हळू आवाजात मांडावेसे वाटतात. भगिनींच्या पुष्कळ शाळांत आज भगिनी एक-दोनच उरल्या आहेत. वर्गांवर आम्हां संसारी शिक्षकांची नेमणूक आहे. ओसरीवर कोणास बसवावयाचे, हा निर्णय आता बराचसा आमच्या हाती आला आहे. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयापुढील रांग पाहताना हा विचार आम्हांस सुखाने बसू देत नाही.

गेल्या २ नोव्हेंबरास, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही आठवीच्या विद्यार्थ्यांस घेऊन गावच्या कॅथॉलिक दफनभूमीत गेलो. भगिनींचे चौदा क्रूस एका ओळीत आहेत. दोहोंवरील अक्षरे पुसट झाली आहेत. मुलांनी कागद ठेवून त्यावर कोळसा घासला, तेव्हा एक नाव उमटले, दुसरे उमटले नाही. सर्वांची व्रतनामे व सालें मुलांनी वहीत उतरून घेतली, व नंतर जुनी हजेरीपुस्तके, पत्रे व गावातील वृद्ध माणसे ह्यांच्याकडून माहेरची नावे व त्या काय शिकवीत हे शोधण्यास आरंभ केला. आतापर्यंत तीन नावे मिळाली आहेत. तिसरे एका ऐंशी वर्षांच्या आजीबाईंनी सांगितले. ज्यांच्याविषयी सांगितले त्या भगिनी १९५८ मध्ये वारलेल्या आहेत. आजीबाईंस त्यांचा चेहरा आठवत नाही. पण त्या सातचा पाढा एका चालीवर म्हणून घेत, ती चाल आठवते. मुलींपुढे त्यांनी ती दोनदा गाऊन दाखविली. आठवीतल्या एका मुलीने ती पेटीवर बसविली, आणि गेल्या आठवड्यापासून दुसरीचा वर्ग सातचा पाढा त्या चालीवर म्हणत आहे.